शब्दचर्चा: 'सॅच्युरेशन'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: समाजशास्त्राच्या पदवी वर्गासाठी गुणात्मक संशोधनाची तोंडओळख मराठीत आणतोय. गाडं 'सॅच्युरेशन'पाशी अडलंय. मुलाखती घेत जायचं आणि नवं काही निघेनासं झालं की थांबायचं, ती अवस्था. 'संपृक्तता' लिहिलं की वाचणारा मीठ-पाण्यात शिरतो. 'माहितीची परिपूर्णता' लिहिलं तर आता सगळं कळलं असा दावा होतो. दुसरं काही?

तळटीप: आधी 'माहितीची' हा शब्द काढून टाका. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये ही कल्पना मांडली ती 'सैद्धांतिक' सॅच्युरेशन म्हणून. भरते ती एखादी कोटी, म्हणजे विश्लेषणातून उभी राहिलेली संकल्पना; तिचे नवे पैलू दिसेनासे होतात. मुलाखतींची संख्या भरत नाही. (कोटीऐवजी 'प्रवर्ग' लिहू नका, आरक्षणाची जाहिरात वाटते.)

उंबरठा: मुळात 'संपृक्त'च चुकीचा. पृच् धातू मिसळण्याचा, जोडण्याचा. कालिदासाच्या रघुवंशातलं 'वागर्थाविव संपृक्तौ' आठवा, शब्द आणि अर्थ यांच्यासारखे एकमेकांना जोडलेले. यात भरलेलं काय आहे? लॅटिन मूळ मात्र पोट भरण्याचं. हिंदीवाले 'संतृप्त विलयन' म्हणतात ते मुळाला धरून आहे. संतृप्ती घ्या.

कोष्टक: शाळेत संपृक्त द्रावण शिकून आलेल्या मुलांना आता रघुवंश कशाला? रूढ झाला तो शब्द खरा. शिवाय उपमा चपखल आहे. पाणी तापवलं की त्यात आणखी साखर विरघळते, तसं माणसं बदलली, विचारायची रीत बदलली की 'भरलेलं' पुन्हा रिकामं निघतं.

ऊसतोड कामगारांचंच घ्या. मुकादमाने गाठून दिलेले कोयते (तोडणीच्या जोड्या), मुकादम शेजारी उभा, आणि प्रश्न 'उचल वेळेवर मिळते ना?' अशा मुलाखती पाचव्यालाच 'भरतात'. एकट्या बाईला पालावर, मुकादम नसताना, 'मागच्या हंगामाचा हिशोब कसा झाला?' असं विचारलं की नवे कोड, म्हणजे उत्तरांतल्या मुद्द्यांना आपण दिलेली नावं, धडाधड निघायला लागतात. एकाच माणसाच्या ओळखीतून साखळीने नमुना वाढवला तरी हेच होतं.

नवशिका: मग किती मुलाखतींना थांबायचं? मार्गदर्शक 12 म्हणतात.

तळटीप: तो आकडा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या 2006 च्या लेखातला. घाना आणि नायजेरिया इथल्या 60 मुलाखती होत्या. बहुतेक कोड पहिल्या 12 मध्येच आले. पण गट बराच एकसारखा होता, प्रश्नही ठरलेले. ही अट प्रस्तावात कुणी लिहीत नाही, आकडा तेवढा उचलतात. हेनिंक, कायझर आणि मार्कोनी यांनी 2017 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: कोडांची यादी 9 मुलाखतींत स्थिरावली, पण त्या कोडांचा अर्थ उलगडायला 16 ते 24 लागल्या. म्हणजे गोदाकाठ, तुम्हाला एक नाही, दोन शब्द लागणार आहेत.

कोष्टक: नवशिका, तक्ता करा. ओळीत कोड, रकान्यात मुलाखती, ज्या मुलाखतीत कोड पहिल्यांदा आला तिथे खूण. फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांचा 2010 चा नियम सोपा आहे: आधी किमान किती ते ठरवा, समजा 10, आणि पुढच्या सलग 3 मध्ये नवं काही आलं नाही तर थांबा. घोटाळा होतो तो लिप्यंतरात. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास सहज जातात. सगळ्या मुलाखती उरकून मग उतरवायला बसलं तर कुठे भरलं ते कळतं, पण परत जायची वेळ गेलेली असते. दोन झाल्या की उतरवा, कोड लावा, मग तिसरी.

उंबरठा: 'लिप्यंतर' म्हणजे लिपी बदलणं! तुम्हाला 'प्रतिलेखन' म्हणायचंय.

कोष्टक: हे मान्य. पण 'कोड'ला 'संकेत' म्हणा असं सांगायला येऊ नका. संकेत म्हणजे खूण, इशारा, रूढी, शिवाय संकेतस्थळ.

पाटपाणी: संतृप्ती नको हो, जेवणानंतरची ढेकर ऐकू येते. आणि व्हर्जिनिया ब्राऊन व व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या आशयसूत्र विश्लेषणात (थीमॅटिक ॲनालिसिस) ही कल्पनाच बसत नाही असं त्या दोघी स्वतः म्हणतात. अर्थ संशोधक घडवतो, तो तळाशी साठलेला नसतो, मग संपणार कसा? प्रकरणात तेवढं लिहा, शब्द कुठलाही चालेल. माझं मत: 'नवे निघेनासे होणे' असं क्रियापदानेच सांगा.

तळटीप: व्याख्येत ठीक, पण शीर्षकात आणि सूचीत क्रियापद कसं बसवणार?

गोदाकाठ: वरचं ऊसतोडीचं उदाहरण प्रकरणात घेऊ का? बोलणाऱ्याचाच शब्द कोड म्हणून ठेवतात त्याचा नमुना म्हणूनही चालेल. 'उचल'ला 'अग्रिम रक्कम' केलं की त्यातलं कर्ज निघून जातं. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ही टीप लागेल.

पाटपाणी: 'खाडा'ही घ्या. शहरात दुधाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत, एवढंच. फडात खाडा झाला की वर दंड कापतात. टीप दिली नाही तर पुण्याचा विद्यार्थी सुट्टी समजेल.

उंबरठा: खाडा आला कुठून? खंड, खाड, की खाणे?

कोष्टक: खंड असेल असं वाटत नाही. अनुस्वार कुठे गेला?