विषय: ऑपेरा हाउसची बॅकस्टेज टूर – बुकिंग करण्याआधी वाचा

सप्रेम नमस्कार मंडळी,

सिडनी ऑपेरा हाउसची बॅकस्टेज टूर म्हणजे तासाभराची नेहमीची टूर नव्हे. ही सकाळी ७ वाजता सुरू होते, अडीच तास चालते आणि कलाकारांच्या ग्रीनरूममधला नाश्ता त्यातच येतो. इतक्या लवकर नेतात कारण नंतर तंत्रज्ञांचं काम आणि तालमी सुरू होतात.

पायऱ्या ३००हून जास्त आहेत. बूट सपाट, रबरी तळाचे आणि पाय पूर्ण झाकणारे हवेत. कोल्हापुरी किंवा सँडल घालून येऊ नका. १० वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. शनिवार-रविवारी ट्रॅकवर्क (रुळांच्या दुरुस्तीचं काम) असलं की ट्रेनऐवजी बस धरावी लागते, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक बघा. सर्क्युलर की स्टेशनपासून चालायला दहा मिनिटं धरा आणि पावणेसातला हजर राहा. गट एकदा आत गेला की मागून येऊन गाठता येत नाही.

– सहल समिती

---

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, बाबांचे गुडघे दुखतात. सावकाश चढले तर जमेल का?

---

ताई, नको. गटाला वेळेत रंगमंच रिकामा करून द्यायचा असतो, त्यामुळे मध्ये बसायला सवड मिळत नाही. पायऱ्या टाळून लिफ्टने फिरवणारी वेगळी टूर असते, त्यांच्यासाठी ती घ्या.

– सहल समिती

---

मंडळी, नाटकवाल्यांनी जोन सदरलंड थिएटरच्या रंगमंचावर पोचल्यावर आधी डावी-उजवीकडे बघावं. सुमारे १,५०० प्रेक्षकांचं ऑपेराचं थिएटर, आणि विंगेत सेट सरकवून ठेवायला जागाच नाही! ऑपेरा हाउस उभं आहे ती बेनेलॉन्ग पॉइंटची जमीन चिंचोळी. इमारतीचे वास्तुविशारद यॉर्न उट्झननी दोन्ही मोठी सभागृहं शेजारी-शेजारी बसवली, म्हणून बाजूला जागा उरली नाही. त्यावर त्यांचा तोडगा असा, की नेपथ्य खालून लिफ्टने वर आणायचं. आजही सेट खालूनच येतो. दुसऱ्या अंकाचा सेट आपल्याकडे विंगेत उभा असतो, तिथे तो पायाखाली असतो. म्हणून लिफ्ट अडली की प्रयोग अडतो. २०१७मध्ये हे थिएटर काही महिने बंद ठेवून जुनी यंत्रणा बदलली, ती याचसाठी.

मूळ आराखड्यात ऑपेरा मोठ्या सभागृहात होता. १९६६मध्ये उट्झन बाहेर पडले, मोठं सभागृह फक्त संगीताला दिलं गेलं आणि तिथे बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकली. ऑपेरा धाकट्या सभागृहात, म्हणजे आजच्या जोन सदरलंड थिएटरमध्ये आला आणि रंगमंचासमोरचा वादकांचा खड्डा अपुरा पडला. खड्ड्याचा बराच भाग रंगमंचाखाली जातो, त्यामुळे आत बसणाऱ्यांच्या कानावर आवाज फार आदळतो. त्यावर ताणलेली जाळी जरूर बघा. १९८०च्या दशकात एका ऑपेरात जिवंत कोंबड्या होत्या; त्यातली एक चालत चालत कडेवरून थेट चेलोवादकाच्या अंगावर पडली. तेव्हापासून ती जाळी आहे. हातातून निसटलेली तलवारही तीच झेलते.

– नाट्यविभाग

---

ध्वनीवाल्यांसाठी थोडी भर. कॉन्सर्ट हॉलचं, म्हणजे वर सांगितलेल्या मोठ्या सभागृहाचं, छत रंगमंचापासून सुमारे २५ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून आवाज परतायला उशीर होतो, म्हणून वादकांना एकमेकांचं वाजवणं नीट ऐकू येत नसे. २०२२मध्ये हॉल पुन्हा उघडला तेव्हा रंगमंचावर टांगलेल्या जुन्या पारदर्शक कड्यांच्या जागी गडद गुलाबी, पाकळ्यांच्या आकाराचे ध्वनिपरावर्तक आले होते. ते वर-खाली होतात आणि आवाज लवकर खाली वळवतात. रंगमंचही खाली घेतला, म्हणजे पुढच्या रांगांना मागचे वादक दिसतात.

माइकवरच्या कार्यक्रमाला मात्र हा घुमणारा हॉल त्रासदायक, शब्द एकमेकांत मिसळतात. त्यासाठी भिंतींवर जाड पडदे सोडायची यंत्रणा बसवली आहे. हॉलचे दरवाजे उघडे मिळाले तर पडदे खाली आहेत की वर, ते आधी बघा. त्यावरून त्या दिवशीचा कार्यक्रम माइकवरचा की बिनमाइकचा, हे कळतं.

दरवाजे उघडे मिळतीलच असं नाही. कुठल्या सभागृहात काय लागलंय त्यावर रोजचा मार्ग ठरतो. तिथला पाइप ऑर्गन बघायचाच असेल (१०,०००हून जास्त नळ्या, १९७९मध्ये पूर्ण झालेला), तर बुकिंग करतानाच फोन करून त्या दिवशी कॉन्सर्ट हॉल मोकळा आहे का, ते विचारा.

– ध्वनिव्यवस्था