मातीतला पैलवान पिंजऱ्यात दोन मिनिटं टिकणार नाही म्हणे!

कंग्राळीचा आप्पा (18 ऑक्टोबर 2023)

काल रात्री इथं टिळकवाडीकरानं शनिवारच्या अबुधाबीच्या यूएफसी 294 चे, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतींचे, अंदाज टाकले. वोल्कानोव्स्की मखाचेवला पाच फेऱ्यांत गुणांवर हरवणार. उस्मान चिमाएवचा फुगा फोडणार. आपला अंशुल जुबली पहिल्याच फेरीत निकाल लावणार. इथवर माझं काय म्हणणं नव्हतं, अंदाजाला पैसे पडत नाहीत. खरं शेवटी जे शेपूट लावलंय ते बघा: "आपले तांबड्या मातीतले पैलवान या पिंजऱ्यात दोन मिनिटं टिकणार नाहीत, खुराक खाऊन नुसते बैल झालेत." ते वाचलं आणि झोप गेली.

लगा, ज्याच्यावर पोस्ट लिहिलीस तो मखाचेव कोण? दागेस्तानचा. पोरगा चालायला लागला की कुस्तीला धाडतात तिथं. 2016 ला कॉम्बॅट सांबोत (ठोसे-लाथा चालणारी रशियन कुस्ती) जगज्जेता झालेला गडी हाय तो. त्याच्या आधी दागेस्तानच्याच खबीबनं पिंजऱ्यात 29 लढती केल्या, एक हरला नाही. काय केलं त्यानं? पाय धरून पट काढला, खाली घातला, उठू दिला नाही. ही कुस्ती नव्हं तर काय भरतनाट्यम?

आणि वोल्कानोव्स्कीला तयारीला दिवस किती मिळाले? अकरा. मखाचेवची आधीची जोड ऑलिव्हेराशी होती, त्याची भुवई सरावात फाटली म्हणून याला बोलावलं. अकरा दिवस म्हणजे काय ते मला विचार. एका जत्रेत जोड ठरलेला पैलवान दुखावला, वस्तादांनी चार दिवस आधी मला उभं केलं. मी आदल्या आठवड्यात पाव्हण्यांकडं मटणावर मटण हाणून बसलेलो. ताकद होती, डाव होते, दम नव्हता. सातव्या मिनिटाला हलगी कुठं वाजत्या तेच कळंना. समोरच्यानं घिस्सा मारला तेव्हा पडल्याचं सुखच वाटलं बघा. माझा अंदाज: मखाचेव तिसऱ्या फेरीत खाली घालून गळा आवळणार.

टिळकवाडीकर

आप्पा, तुमच्या मटणाचा आणि वोल्कानोव्स्कीचा काय संबंध? तो जुलैत याईर रॉड्रिगेझशी लढलाय, तिसऱ्या फेरीत संपवलाय. पाव्हण्यांकडं नव्हता बसलेला. फेब्रुवारीत पर्थला दोघांची पहिली लढत झाली तिचे गुण बघा: 48-47, 48-47, 49-46. दोन पंचांच्या हिशेबानं एका फेरीचा फरक. शेवटच्या फेरीत वर कोण बसून ठोकत होता? वोल्कच. तोही खालच्या वजनगटातून 70 किलोत येऊन.

बैल म्हटलं ते मागं घेतो. बाकी एक अक्षर नाही. तुम्हाला भारत खंडारे आठवत नसेल तर आठवण करून देतो. आपल्या महाराष्ट्राचा, कुस्तीतून आलेला, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय. 2017, शांघाय. साँग यादोंगनं पहिल्याच फेरीत गळा आवळला. विषय संपला.

आणि कारण सांगतो, नुसती टिंगल नाही. मातीत पाठ लागली की हरलात, म्हणून पैलवान पडता पडता पालथा होतो. ते रक्तातच असतंय. पिंजऱ्यात पालथं झालात की मागून गळ्यात हात आलाच. तुमचा सगळ्यात चांगला बचाव तिथं सगळ्यात मोठी चूक ठरतो.

खानापूरची

मी इथं नुसता वाचतो, लिहीत नाही. (होय, बाईमाणूस असून 'वाचतो'च. आमच्याकडं असंच बोलतात, पुण्यात नोकरीला गेलेल्यांनी हसू नये.) खरं खंडारेच्या एका लढतीवर विषय कसा काय संपला? रितू फोगाट कुस्ती सोडून यूएफसीसारख्याच 'वन चॅम्पियनशिप'मध्ये गेली. नुसत्या पटावर आणि वर बसून ठोकण्यावर बायकांच्या ग्रँड प्री स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचली, डिसेंबर 2021. तिथं थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सनं दुसऱ्या फेरीत हात पिळून हरवलं. म्हणजे कुस्ती फायनलपर्यंत नेते, पुढचं शिकावं लागतंय. दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात.

निपाणीकर

गुणांचा विषय निघालाच हाय तर बोलतो. पाच फेऱ्या, तीन पंच, फेरी जिंकली की 10, हरली की 9. कुस्तीची वाट लागली ती याच गुणांनी. निकाली कुस्ती असली की पाठ लागली का नाही ते मैदानातल्या शेंगा विकणाऱ्यालाही दिसतंय. गुण आले की पंच आले. पंच आले की सिकंदर शेख होतो. जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीला काय झालं? माती विभागात महेंद्र गायकवाडला बाहेरल्या टांगेच्या डावाचे 4 गुण दिले आणि सिकंदर बाहेर. सगळ्या महाराष्ट्रानं व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला.

अनगोळचा, सध्या पुणे

मी तिथं हजर होतो. टांग लागलेली. सिकंदर पूर्ण धोक्यात (पाठ मातीकडं) गेला का नाही यावर वाद घाला, खरं टांग लागलेली.

निपाणीकर

कितव्या रांगेत होतास? दोन खांदे मातीकडं वळल्याशिवाय चार कुठले? दोन द्या, मान्य. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचा, म्हणून नडला.

अनगोळचा, सध्या पुणे

झालं, आता कोल्हापूरवर अन्याय. मग त्याच महेंद्रला शिवराज राक्षेनं फायनलला चितपट केलं ते कुणाच्या सांगण्यावरून? तिथं गुणच नव्हते.

निपाणीकर

तेच तर म्हणालोय मी! चितपट झाली, कोण बोललं काय? नाही. म्हणून निकालीच पाहिजे. पुण्यात जाऊन तुझी अक्कलसुद्धा गुणांवर चालायला लागली काय?

अनगोळचा, सध्या पुणे

तोंड सांभाळून. निकाली म्हणता, गावच्या मैदानात अर्धा तास नुसती खडाखडी करून बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या मोजायला घेऊ काय? इनाम निम्मं निम्मं, पब्लिकच्या शिव्या वेगळ्या.

कंग्राळीचा आप्पा

सिकंदरचं काय ते तुमचं तुम्ही बघा, निदान त्याला उतरायला तरी मिळालं. आमच्या बेळगावच्या पोरांचं काय? महाराष्ट्र केसरी म्हटलं की "तुमचा जिल्हा कर्नाटकात". इकडं एका कचेरीत पुतण्याचा फॉर्म घेऊन गेलो तर सगळा कन्नडात. भरून द्या म्हटलं तर साहेब म्हणतात शिकून या. घरी येऊन शेजारच्या मास्तरांकडून भरून घेतला, तोवर तारीख गेली. आमच्या कुस्तीला ना इकडचा पंच ना तिकडचा.

टिळकवाडीकर

आप्पा, हे मात्र शंभर टक्के खरं. खरं म्हणूनच सांगतोय, पिंजऱ्यात जिल्हा विचारत नाहीत. जुबली उत्तराखंडचा, रोड टू यूएफसी ही स्पर्धा जिंकून आत गेला. आपल्या पोरांना तालमीच्या जोडीला जरा ठोसे, जरा जिउजित्सू (जमिनीवरची धरपकड) शिकवलं तर? मातीला मी नावं ठेवत नाही, नुसत्या मातीला ठेवतो.

कंग्राळीचा आप्पा

काल बैल होतो, आज शिकवणी लावायला निघालास. असं कर, आमच्या तालमीत ये. मला गुडघा दुखतोय, पुतण्याला उभा करतो. नुसती माती, ठोसा नाही, लाथ नाही. तू दोन मिनिटं टिकून दाखव.

खानापूरची

माझ्या रितू फोगाटला कुणी उत्तर दिलं नाही ते बघून ठेवलंय.

टिळकवाडीकर (22 ऑक्टोबर, पहाटे 4)

झोपलो नाही. थोड्या वेळानं नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीला जायचंय, तोंड लपवून. तीनपैकी तीन चुकले. जुबलीला ब्रीडननं तिसऱ्या फेरीत झोपवलं. उस्मान गुणांवर हरला, तरी एका पंचानं बरोबरी दिली (निपाणीकर, घ्या). वोल्क पहिल्याच फेरीत गेला.

खरं आप्पा, कसा गेला? डाव्या पायाची लाथ, थेट डोक्यात. तुमच्या पैलवानानं ना खाली घातला, ना गळा आवळला. तुमचाही अंदाज चुकलाच की.

कंग्राळीचा आप्पा

चुकला. लिहून ठेव, आप्पा चुकला. आता तू सांग, पट काढेल म्हणून पहिल्यापासून धास्तावलेल्या माणसाचं लक्ष कुठं असतंय? कमरेखाली. मग लाथ कुठं बसणार? लाथ पायानं मारली, दार कुस्तीनं उघडलं.

टिळकवाडीकर

व्वा. म्हणजे खाली घातला तरी कुस्ती, नाही घातला तरी कुस्ती. उद्या बुद्धिबळात कोण जिंकलं तरी तुमचा वस्तादच. बरं, अकरा दिवसांचं तुमचं बरोबर होतं. तेवढंच.

निपाणीकर

लाथेला गुण लागले नाहीत, पंच लागला नाही. निकाली! सिकंदरलाही असंच

अनगोळचा, सध्या पुणे

झोप आता.

टिळकवाडीकर

दसरा झाला की येतो तालमीत. लंगोट नाही माझ्याकडं.

कंग्राळीचा आप्पा

लंगोट मी देतो. आदल्या दिवशी मटण खाऊ नको.