ट्रॅफिकमध्ये काटा वर जातो, जुनी गाडी. आधी काय बदलू?

मधलाकाटा: वीस वर्षांपुढची पेट्रोल गाडी, इलेक्ट्रिक फॅन. ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा पाऊण भागापर्यंत चढतो, गाडी पळायला लागली की पुन्हा मध्यावर. कूलंट कमी होत नाही. बजेट छोट्या पार्टपुरतंच आहे. रेडिएटरची कॅप, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) की फॅनचा स्विच?

जाळीवाला: रेडिएटर बदला. मी अ‍ॅल्युमिनियमचा टाकला, विषय संपला. जुन्याच्या नळ्या क्षाराने बुजतात, फ्लशने सगळं निघत नाही.

स्पॅनर१२: बजेट वाचलंत का? शिवाय रेडिएटर बुजला की त्रास आधी हायवेला आणि चढावर होतो. थांबल्यावर चढतो, वेग घेतला की उतरतो, म्हणजे हवा कमी पडतेय. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतात, फॅन साधारण ९५ ते १०० ला सुरू होतो. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा. काटा चढूनही फॅन लागला नाही, तर इंजिन बंद करून इग्निशन ऑन ठेवा आणि दोन पिनच्या फॅन स्विचचा कनेक्टर काढून त्यातल्या दोन वायरी जोडा. फॅन फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, अर्थ, मग मोटर. फिरतो पण मंद, तर मोटरचे कार्बन ब्रश घासलेत. हात पात्यांपासून लांब.

उन्हाळी: थर्मोस्टॅट काढून टाका, उन्हाळ्यात लागतोच कशाला? आमच्या सगळ्या गाड्या तशाच चालतात.

स्पॅनर१२: कृपया हे करू नका. इंजिन थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासही (रेडिएटर टाळणारी वाट) बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

जाळीवाला: तरी रेडिएटर एकदा उघडून बघाच.

निळीबाटली: कॅपकडे कुणी बघत नाही. अर्धं डिस्टिल्ड वॉटर, अर्धं कूलंट साधारण १०७ अंशांना उकळतं, १ बार दाबाची कॅप ते १२५ च्या पुढे नेते. रबर कडक झालं असेल तर कॅप बदला, आकडा जुन्या कॅपवरचाच. गार झाल्यावर रेडिएटरचा होज (रबरी नळी) चपटा होत असेल तर कॅपचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकलाय. गरम असताना कॅप अजिबात उघडू नका. हिरवं आणि नारिंगी कूलंटही मिसळू नका.

टॉर्कभाऊ: हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) तपासा! गार इंजिन सुरू करताच होज दगडासारखा होतो का? रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे?

निळीबाटली: कूलंट कमी होत नाही म्हणतायत ते. तरी पाहायचंच असेल तर ब्लॉक टेस्टर (कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस शिरतोय का ते दाखवणारा) आणा, त्यातलं निळं द्रव पिवळं झालं तर गॅस्केट गेलंय.

उन्हाळी: कार्ब्युरेटरची गाडी असेल तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघा. मागे पडलं की इंजिन तापतंच.

मधलाकाटा: धन्यवाद. फॅन ट्रॅफिकमध्ये लागतो, आत्ताच पाहिलं, जोरात फिरतो. वायरी जोडायची गरज पडली नाही. आता काट्यावरच शंका आहे, म्हणून पार्ट आत्ता काहीच घेत नाही. वेगळा डिजिटल टेम्परेचर मीटर लावतो.

टॉर्कभाऊ: मीटरने इंजिन थंड होत नाही.

स्पॅनर१२: मी आधी फॅन मोटरचा करंट मोजला असता. असो, मीटर लावताच आहात तर सेन्सर वरच्या होजमध्ये नको, हेडमधल्या रिकाम्या पोर्टमध्ये लावा, कारण थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत वरच्या होजमध्ये पाणी फिरतच नाही. नंतर हीटर फुल गरमवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा. सेन्सरभोवती पाणी नसेल तर इंजिन तापलेलं असतानाही आकडा कमी दिसतो. ट्रॅफिकमध्ये १०५ च्या पुढे गेला तर लगेच थांबा.

जाळीवाला: आणि मग रेडिएटर.