मदत हवी आहे: पुण्याहून सायकलवर पवना धरण, एक रात्र मुक्काम

मंडळी, डिसेंबरात आम्ही चौघं मित्र शनिवारी पहाटे चांदणी चौकातून निघून पिरंगुट, पौड, कोळवण, तिकोना पेठ असं करत पवनेला जायचं म्हणतोय, रात्री तंबूत मुक्काम आणि रविवारी कामशेतकडून परत. कॅरिअरवर तंबू, स्लीपिंग बॅग बांधून पिरंगुटचा घाट चढायला कितपत जड जातं? एकाकडे गिअर नसलेली सायकल आहे आणि त्याला मागे ठेवून जायचं नाहीये. महागडे कॅम्पवाले नकोत, पैसे देऊन कुणाच्या शेतात किंवा अंगणात तंबू लावता येईल का, जेवण पिठलं-भाकरी असलं तरी चालेल. धरणाकाठी थंडी किती असते? आणि कोणी थकलंच तर कामशेतहून लोकलच्या लगेज डब्यात सायकल घेतात का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.