मदत हवी आहे: जुन्या लाकडी खिडक्या बदलायच्या आहेत, स्लायडिंग घ्यावी की दाराची?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. इमारत १९८६ची, तळमजला अधिक तीन. घरातल्या खिडक्या तेव्हापासूनच्याच: सागवानी चौकट, चौकटीत बसवलेले गज आणि बाहेर उघडणारी काचेची दोन दारं. हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. गेल्या जुलैत हॉलच्या खिडकीची काच धरणारी लांबी (पुट्टी) सुटून एक काच खाली गेली. नशीब, रात्रीचे अडीच वाजले होते आणि खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून त्या जागी प्लायवूड आहे आणि पावसाळाभर खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या टॉवेलची वळकटी होती. या जूनच्या आत काय तो निकाल लावायचाय.

तीन जण बघून गेले, तिघांची तीन मतं. सुतार म्हणतो, "ताई, असं सागवान आता मिळणार नाही, दुरुस्त करा." ॲल्युमिनियमवाला म्हणतो, थ्री ट्रॅक स्लायडिंग, दोन काचा आणि एक जाळी, डोळे मिटून घ्या. यूपीव्हीसीवाला (म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्यांचा) म्हणतो, स्लायडिंग गळणारच, दाराची घ्या. त्याचा आकडा ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दीडपट आहे.

नवऱ्याला स्लायडिंग हवी आहे. मलाही दिसायला तीच आवडते. अडलंय ते सासूबाईंपाशी आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाहीये. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून, म्हणजे आतून बघताना डावीकडून तिरपा येतो. त्या उजवं दार बंद ठेवतात आणि डावं अर्धं उघडून आकड्यात अडकवतात. ते दारच झड अडवतं आणि त्याच्या आडून वारा आत येतो. दिवे गेले तरी हॉलमध्ये बसवतं. "सरकत्या खिडकीला आड काय धरणार?" हा त्यांचा प्रश्न. आहे का कोणाकडे उत्तर?

शिवाय त्यांचं वय ७६, बोटं सांधेदुखीने आखडलेली. जड काच सरकवणं जमेल का? डास भरपूर, त्यामुळे जाळी हवीच. रेल्वेलाइन फार लांब नाही, आवाज थोडा कमी झाला तर बरं, पण तो मुख्य मुद्दा नाही.

– पागोळी

झडप: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. स्लायडिंगमध्ये दोनातला एक पल्ला कायम दुसऱ्यामागे राहतो, म्हणजे सहा फुटांच्या खिडकीतून वारा तीनच फुटांचा. थ्री ट्रॅकमध्ये तिसरा ट्रॅक जाळीने खाल्ला की तिथेही अर्धीच. पाऊस आला की तीही बंद करायची. दाराची पूर्ण उघडते.

गळण्याचं म्हणाल तर स्लायडिंग गळतेच असं नाही, पण पश्चिमेला तिची परीक्षा होते. पाणी खालच्या ट्रॅकमध्ये साचतं आणि बाहेरच्या बाजूच्या भोकांतून जायला हवं. जोराचा वारा समोरून दाबत असेल तर ते जात नाही, ट्रॅक भरतो आणि आतल्या कडेवरून घरात. त्या भोकांत धूळ आणि कबुतरांची पिसं अडकली की काम संपलंच. पल्ल्यांच्या कडेला ब्रशची पट्टी असते, त्यातून वारा आणि आवाज दोन्ही येतात. दाराची खिडकी बंद करताना रबरावर दाबून बसते. फरक तिथे आहे.

पागोळी: पण दाराची बाहेर उघडायची तर ग्रिलचं काय? यूपीव्हीसीवाला म्हणतो, ग्रिल बाहेर ठेवा आणि दारं आत उघडा.

झडप: आत उघडणारी घेऊ नका. पडदा आणि सोफा आड येतील ते वेगळं, पण उघडं दार खोलीत असेल तर झड अडवणार कसं? आज आहे तोच क्रम ठेवा: आत गज, बाहेर दार. दारांना फ्रिक्शन स्टे लावून घ्या, त्याने दार हव्या त्या कोनात थांबतं, आकडा लागत नाही. फक्त तो चांगल्या प्रतीचा आणि दाराचं वजन पेलणारा हवा, नाहीतर वाऱ्याने दार आपटतं. जाळी मग खोलीच्या बाजूला, गजांच्या आत. गजांतून हात घालून दार ओढायचं म्हणजे जाळी सहज उघडणारी हवी. आणि गजांचा एक भाग कुलूप काढून उघडता येईल असा ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट नको का?

रंधा: सुतार अगदीच खोटं बोलत नाहीये. चौकटीच्या खालच्या पट्टीत आणि भिंतीला लागलेल्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. कडक लागला तर नुसती दारं बदलून भागेल. पोकळ लागून माती निघाली तर वाळवी बहुधा भिंतीच्या बाजूने आलेली असते, मग वरून पॉलिश करून काही उपयोग नाही.

चौकट काढायची ठरली तर एक सांगतो. जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी फ्रेम बसवायचा सल्ला मिळेल, कारण तोडफोड वाचते. पण उजेड आणि वारा चारही बाजूंनी कमी होतो आणि वाळवी आत राहते ती राहतेच. काढाच. त्याच वेळी कट्ट्याचा दगड बदला: उतार बाहेरच्या बाजूला आणि दगडाच्या खालून, पुढच्या कडेजवळ एक खाच. त्या खाचेपाशी पाणी तुटून खाली पडतं, नाहीतर दगडाखालून परत भिंतीत येतं. निम्म्या 'गळक्या खिडक्या' या गळक्या कट्ट्याच्या असतात.

काचवाला_नाही: काच टफन्डच घ्या, ५ मिमी. कोपऱ्यात शिक्का बघा. ती फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात. ती नंतर कापता येत नाही, म्हणून माप आधी पक्कं. रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सगळ्यांत कमी आकडा धरायचा, १९८६च्या इमारतीत भिंती काटकोनात असण्याची आशा ठेवू नका. रेल्वेच्या आवाजासाठी दुहेरी काच कोणी खपवायला आलं तर हात जोडा. खिडकी उघडी ठेवणार असाल तर दुहेरी काय न् तिहेरी काय. यूपीव्हीसी घेतलीत तर कापलेला तुकडा दाखवायला सांगा, आत जस्ताचा मुलामा दिलेलं स्टील हवं.

पागोळी: सगळ्यांचे आभार. स्क्रूड्रायव्हरचा प्रयोग केला. बेडरूमची चौकट ठणठणीत. हॉलच्या चौकटीत उजव्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला आणि मागून मूठभर माती आली.

तर सध्या ठरलंय ते असं: हॉलला नवी बाहेर उघडणारी दारं, गज आत, कट्टा नवा. बेडरूमची चौकट ठेवून दारं फक्त नवी. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आणि वर मोठा छज्जा आहे, तिथे नवऱ्याच्या हौसेची स्लायडिंग. पल्ला हलका, त्यामुळे सासूबाईंनाही सरकवता येईल. दुकानातला नमुना त्यांनी दोन बोटांनी सरकवून बघितला आणि "हं" म्हणाल्या. सोसायटीला अर्ज दिलाय, बाहेरून रंग आहे तोच ठेवायची अट आहे.

आता एकच विचारायचंय. हॉलला आतून जाळी गुंडाळणारी घ्यावी की बिजागरीची? गुंडाळणारीची स्प्रिंग दोन वर्षांत जाते असं खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात. कोणाची जास्त टिकली असेल तर सांगा. कारागीर तीन आठवडे म्हणतोय, म्हणजे पाच धरते, त्यामुळे या आठवड्यात ऑर्डर द्यायलाच हवी.