शेतावरच्या हुरड्याला व्हीगन पाहुणे येणार आहेत. शेगडीवर पोटभरीचे काय करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमचे शेत लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात आहे. येळवस (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतावरचा सण) झाली की जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी आम्ही पंचवीस-तीस नातलगांना आणि स्नेह्यांना हुरड्याला बोलावतो. सकाळी आगटीवर हुरडा असतो आणि दिवस मावळला की दोन लांब शेगड्यांवर कोंबडीच्या व मटणाच्या सळया भाजतो. शेगडीपाशी उभे राहण्याचे काम गेली आठ वर्षे माझ्याकडे आहे आणि ते मी मनापासून करतो, म्हणूनच गेल्या वर्षी जे घडले ते मला अजून सलते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीबरोबर तिच्या पुण्यातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. त्या व्हीगन आहेत असे तिने आधी सांगितले होते, परंतु मी त्याचा अर्थ 'मांसाहार करत नाहीत' एवढाच घेतला. त्यांच्यासाठी मी लातूरहून ताजे पनीर आणले, मश्रूम आणि ढोबळी मिरची दह्याच्या मसाल्यात मुरवली आणि मक्याच्या कणसांवर लोणी फिरवले. त्या काहीच बोलल्या नाहीत. एकीने कणीस हातात घेतले, माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिले आणि ते हलकेच ताटाच्या कडेला ठेवून दिले. रात्रीचे जेवण म्हणून दोघींनी काकडी, पेरूच्या फोडी आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले. सकाळचा हुरडा त्यांनी जवसाच्या चटणीशी आवडीने खाल्ला होता हे खरे, पण थंडीच्या रात्री आमच्या शेतावरून पाहुणा अर्धपोटी उठला ही गोष्ट आईलाही फार लागली.

यंदा असे पाच जण येणार आहेत. दूध, दही, ताक, लोणी, तूप, अंडी आणि मध यांपैकी काहीही चालत नाही, हे आता मी नीट समजून घेतले आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, त्यात दुधाची भुकटी नाही असे सांगत नाही; व्हीगन पदार्थांसाठी 2022 च्या नियमांनी हिरव्या 'व्ही'चे वेगळे चिन्ह आले आहे, पण ते नसेल तेव्हा घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. बेकरीच्या पावातही दूध किंवा लोणी असू शकते, म्हणून यंदा पाव आणणारच नाही. ज्वारीच्या भाकरी चुलीवर होतील. या पाच जणांची शेगडी, जाळी, चिमटा आणि ब्रश वेगळे असतील, आणि त्यांचे पदार्थ आधी भाजून मगच मांस आचेवर चढेल.

माझा प्रश्न यापुढचा आहे. मला त्यांच्या ताटात तोंडी लावणे वाढायचे नाही, जेवण वाढायचे आहे. सळईवरचे मटण खाताना समाधान का होते याचा विचार केला, तर कडेचा करपट खमंगपणा, आत राहिलेली स्निग्धता, दाताखाली येणारा घट्टपणा आणि पोटाला येणारा जडपणा ही कारणे मला दिसतात. वांगे किंवा ढोबळी मिरची भाजली की धुराचा वास चांगला लागतो, पण अंगचे पाणी निघून गेल्यावर पोटाला धरेल असे फारसे उरत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. त्यामुळे कडधान्य, सोयाबीन, शेंगदाणा, तीळ आणि ज्वारी यांनाच निखाऱ्यावर आणले पाहिजे असे माझे मत झाले आहे. जानेवारीत आमच्या शिवारात तुरीच्या ओल्या शेंगा असतात, हरभऱ्याचा टहाळ असतो, आणि सोयाबीन तर घरोघरी आहे. तेव्हा बाहेरून महागडे काही आणण्याची गरज पडू नये.

आतापर्यंत मी दोन प्रयोग केले आणि दोन्ही फसले. ओल्या तुरीचे दाणे वाटून, त्यात उकडलेला बटाटा घालून सळईवर थापले, तेव्हा आच लागताच सारण भेगाळले आणि तुकडे निखाऱ्यात पडले. सोयाच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, तिखटमीठ लावून भाजल्या, तर त्या बाहेरून चामड्यासारख्या आणि आतून बेचव झाल्या. जाणकारांनी कृपया सांगावे की सारण सळईवर टिकावे म्हणून काय करावे, सोयाच्या वड्या आतपर्यंत रसदार कशा ठेवाव्यात, आणि दह्याच्या मुरवणाला पर्याय कोणता. आणखी एक विचारायचे आहे, कारण चूक पुन्हा होऊ नये: गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला हुरडा व्हीगन मंडळींना चालतो का?

प्रतिसाद

दादा, मी परभणीची आहे आणि माझी सून तीन वर्षांपासून दूधदुभते खात नाही, त्यामुळे तुमची अडचण मला घरचीच वाटली.

सारण सुटते कारण ते कच्चे आहे. येळवसीला आपण पिठाचे उंडे वाफवतो ना, तीच रीत इथे वापरा. ओल्या तुरीचे दाणे चार वाट्या घेऊन वाफवा, जाडसर ठेचा, त्यात एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी फुटाण्याच्या डाळीचे पीठ, भाजलेल्या तिळाचा कूट, लसूण, हिरवी मिरची, काळा मसाला आणि दोन पळ्या करडईचे तेल घालून घट्ट मळा. अंगठ्याएवढ्या जाडीचे मुटके करून वीस मिनिटे वाफवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावरच ते आवळून येतात, म्हणून ही पायरी घाईने उरकू नका; शक्यतो सकाळी वाफवून ठेवा आणि संध्याकाळी तेल लावून भाजा. शिजलेले असल्यामुळे आचेवर फक्त खमंग व्हायचे राहते.

दही मुरवणात तीन कामे करते: आंबटपणा देते, स्निग्धता देते आणि मसाला चिकटवून ठेवते. आंबटपणासाठी चिंचेचा कोळ घ्या, स्निग्धतेसाठी तेल सुटेपर्यंत वाटलेले भाजके शेंगदाणे घ्या, आणि चिकटण्यासाठी आपले येसर घ्या. लग्नाच्या पंगतीतल्या आमटीला दाटपणा देणारे भाजक्या धान्यांचे हे पीठ सळईवरच्या पदार्थालाही छान धरून बसते आणि भाजले की त्याचा वास दरवळतो.

सोयाच्या वड्या नुसत्या पाण्यात भिजवू नका. लसूण, काळा मसाला आणि मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटे उकळा, ते पाणी पिळून टाका म्हणजे उग्र वास जाईल, मग वर सांगितलेल्या मुरवणात थोडे जास्त तेल घालून रात्रभर ठेवा. भाजताना मध्ये दोनदा तेलाचा हात फिरवा. त्या पिळलेल्या स्पंजासारख्या असतात, रिकाम्या ठेवल्या तर कोरड्याच राहणार.

धपाटे करणार असाल तर पीठ ताकात न भिजवता किसलेल्या काकडीच्या पाण्यात भिजवा. आंबीलही ताकाशिवाय होते; ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून चुलीजवळ उबेला ठेवा, थंडीत आंबायला रात्र पुरत नाही, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच लावा. गोवऱ्यांविषयी मात्र अंदाज करू नका, भाचीकरवी विचारा. माझ्या सुनेला चालते, तिच्या मैत्रिणीला चालत नाही. विचारल्याचा कोणी राग मानत नाही, उलट बरे वाटते.

धागाकर्ता

ताई, तुमचे मनापासून आभार. काल रात्री घरीच छोट्या शेगडीवर मुटके करून पाहिले. पहिली खेप मी कोमट असतानाच चढवली आणि दोन मुटके मधोमध फाटले. दुसरी खेप तीन तास गार होऊ दिली, तर एकही हलला नाही. जाळीच्या काळ्या रेघा उमटल्या, कडा कुरकुरीत झाल्या आणि मोडल्यावर आतून हिरवा, वाफाळता दाणा दिसला. आईने ठेच्याशी आणि भाकरीशी चार खाल्ले आणि पोट भरल्याचे सांगितले, तिचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट पुढे कोणी करणार असेल म्हणून नोंदवतो: शेंगदाण्याचे मुरवण सुरुवातीलाच लावले की ते आतल्यापेक्षा आधी जळते आणि कडवट होते. मुटके आधी नुसत्या तेलावर भाजून शेवटच्या तीन-चार मिनिटांत, आच मंद झाल्यावर, लेप दिला तर रंग आणि वास दोन्ही चांगले येतात.

भाचीला फोन केला होता. पाचांपैकी दोघांना गोवऱ्या नकोत, म्हणून त्यांची कणसे बाभळीच्या निखाऱ्यावर भाजणार आहे. सोयाच्या वड्या आज रात्री मुरवणात घालतो आहे. उद्या भाजल्यावर कशा झाल्या ते इथेच लिहितो.