बॉयकॉटला काय केलं?

कानामात्रा: आयर्लंडच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. 1880 चा प्रसंग. वाक्याचा मतलब असा, की कॅप्टन बॉयकॉटलाच बॉयकॉट करण्यात आलं. 'बॉयकॉटवर बहिष्कार घातला' लिहिलं की गंमत पार मरते. काय करू?

जुनीवही: 'वाळीत टाकलं' लिहा, घडलं तेच. मेयो परगण्यात लॉर्ड अर्नची जमीन हा गृहस्थ सांभाळायचा. कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली, मालक 10 वर अडला आणि ह्याने कुळांना हुसकावायच्या नोटिसा काढल्या. मग गडी कामावर येईनात, दुकानदार माल देईनात. पीक काढायला अल्स्टरहून 50 माणसं आणली, त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई आणि सोजीर. पीक पाचेकशे पौंडांचं, खर्च दहा हजारांच्या घरात!

तिरपागडा: वाळीत नको हो. वाळीत टाकते जात, गाव, म्हणजे वरचढ बाजू. इथे कुळांनी मालकाच्या कारभाऱ्याचं नाक दाबलं. आंबेडकरांच्या 'बहिष्कृत भारत'मधला (1927) 'बहिष्कृत' आणि टिळकांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' शेजारी ठेवून बघा. पहिल्यात माणूस बाहेर ढकललेला, दुसऱ्यात विलायती माल. माणसा'ला' बहिष्कृत करतात, माला'वर' बहिष्कार घालतात. तुमचा कॅप्टन मधेच कुठेतरी लटकलाय.

रफार: सरळ 'बॉयकॉट केलं' लिहा. सगळे बोलतातच.

जुनीवही: सगळे 'अव्हॉइड केलं'ही बोलतात. छापायचं? घरात शब्द असताना उसनवारी कशाला?

रफार: बहिष्कार तरी संस्कृताकडूनच उचललेला ना? आणि 'बॉयकॉट' हा शब्द निघालाच मुळी सोपेपणासाठी. तिथल्या फादर ओमॅलींनी तो काढला, असं जेम्स रेडपाथ ह्या अमेरिकी पत्रकाराने सांगून ठेवलंय. आधी 'ऑस्ट्रसाइज'चा (म्हणजे वाळीत टाकणे) विचार झाला, पण कुळांना तो कळणार कसा? म्हणून त्या माणसाचं नावच वापरलं. पाद्री असून तुमच्यापेक्षा कमी सोवळा.

पाटीपेन्सिल: मुळात बहिष्कार 'घालतात' की 'टाकतात'? आमचे मास्तर 'टाकला' दिसलं की गुण कापायचे.

तिरपागडा: घालतात. 'टाकणे' हे 'वाळीत टाकणे'वरून घरंगळत आलंय, माझं ठाम मत आहे.

जुनीवही: मत ठाम आहे, पुरावा कुठाय? दरोडा घालतात तसा टाकतातही. त्यात वाळीचा काय संबंध?

कानामात्रा: माझं वाक्य?

रफार: ह्या घराण्याचं आडनाव आधी बॉयकॅट होतं म्हणे. बदललं नसतं तर आज 'बॉयकॅट करा' म्हणत बसलो असतो.

पाटीपेन्सिल: आडनावावरून आठवलं. क्रिकेटवाल्या जेफ्री बॉयकॉटला 1978 मध्ये ख्राइस्टचर्चला त्याच्याच संघातल्या बोथमने मुद्दाम धावबाद केलं, बॉयकॉट कर्णधार असूनही, का तर फार हळू खेळतो. बोथम स्वतःच सांगत असतो. ह्याला काय म्हणायचं, घालणे की टाकणे?

जुनीवही: घालवणे.